डॉ. कमलाबाई सोहोनी : बंद दारापुढून न हटलेली संशोधक



डॉक्टर हा शब्द कानी पडला की आपल्या निपाणी-बेळगाव भागातील माणसाला दवाखाना आठवतो, सुई आठवते आणि औषधाची कडू बाटली आठवते. आमच्या मंडळीतील एका तरुणाने बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठात अभियांत्रिकीच्या संशोधनासाठी नाव नोंदवले, तेव्हा उपासना संपल्यावर एका आजीबाईंनी त्याला बाजूला घेऊन आपला दुखरा गुडघा दाखवला. तो डॉक्टर होणार, एवढेच त्यांच्या कानावर आले होते. सगळे हसले. पण घरी परतताना आमच्या मनात आले की, हसणाऱ्यांपैकी तरी कितीजणांना ही दुसरी डॉक्टरकी म्हणजे काय ते सांगता आले असते?

ही दुसरी डॉक्टरकी म्हणजे पीएच.डी. बी.एस्सी., एम.एस्सी. किंवा बी.ई. या परीक्षांत पूर्वीच्या लोकांनी शोधून ठेवलेले ज्ञान आपण शिकतो व उत्तरपत्रिकेत लिहितो. पीएच.डी.चे तसे नाही. तेथे ज्याचे उत्तर अजून कोणत्याही पुस्तकात नाही असा एक प्रश्न घ्यावयाचा, एखाद्या जाणत्या मार्गदर्शकाच्या हाताखाली प्रयोग करावयाचे, चुकले तर पुन्हा करावयाचे, आणि जे हाती लागले ते प्रबंधाच्या रूपाने त्या विषयातील परीक्षकांपुढे ठेवावयाचे. ज्ञानात खरोखर नवी भर पडली अशी त्यांची खात्री पटली तरच पदवी मिळते. आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर, पिकलेले धान्य मापून पोत्यात भरणे ही एक गोष्ट. आणि पडीक रानातले दगडगोटे वेचून तेथे पहिले पीक काढणे ही दुसरी.

अशा पडीक रानात उतरू पाहणाऱ्या एका मराठी मुलीला बांधावरच अडवण्यात आले होते. ती परतली नाही. त्या थोर स्त्रीचे, डॉ. कमलाबाई सोहोनी यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहो. रविवारच्या शाळेतील शिक्षकांना ते मोठ्या मुलामुलींच्या वर्गात सांगता यावे, असाही आमचा हेतू आहे.

घरचे वळण

कमलाबाई माहेरच्या भागवत. त्यांचा जन्म विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी इंदूर येथे झाला. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगळूरची जी संस्था त्या काळी टाटांची संस्था म्हणून ओळखली जात असे, आणि आज जिला आपण भारतीय विज्ञान संस्था म्हणतो, तेथेच या दोघा भावांचे शिक्षण झाले होते. त्यामुळे घरात शास्त्राच्या गोष्टी जेवणाच्या पाटावरही चालत. थोरली बहीण दुर्गा पुढे साहित्याकडे व लोकसंस्कृतीच्या अभ्यासाकडे वळली. १९७५ साली कऱ्हाडच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध निर्भयपणे बोलणाऱ्या दुर्गाबाई भागवत त्या याच. एकाच घरातील दोन मुली, एक शब्दांच्या मार्गाने गेली व दुसरी प्रयोगशाळेच्या. पण न भिण्याचे वळण दोघींना सारखेच मिळाले होते.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा उत्तीर्ण झाल्या. रसायनशास्त्र हा मुख्य विषय आणि भौतिकशास्त्र हा जोडविषय. गुणवत्ता यादीत त्यांचे नाव सर्वांत वर होते. वडील व चुलते जेथे शिकले तेथेच आपण संशोधन करावे, ही त्यांची लहानपणापासूनची इच्छा. त्यांनी बंगळूरला अर्ज पाठवला. गुण पाहता प्रवेश मिळण्यास कोणतीच अडचण दिसत नव्हती.

बंगळूरचा नकार

त्याच वर्षी त्या संस्थेच्या संचालकपदी सर चंद्रशेखर वेंकट रामन आले होते. प्रकाशाच्या विकिरणावरील शोधासाठी १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते आणि त्यांच्या नावाचा दबदबा सगळ्या देशात होता. अशा थोर शास्त्रज्ञाकडून कमलाबाईंच्या अर्जास नकार आला. गुण कमी पडले म्हणून नव्हे; अर्ज करणारी स्त्री होती म्हणून.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करू या. बी.एस्सी. झालेली विशीतील मुलगी. समोर नोबेल पारितोषिक मिळालेला माणूस. अशा वेळी आपल्यापैकी बहुतेकांनी मुलीची समजूत घालून तिला घरी आणले असते. मोठ्या माणसांशी वाद घालू नये, असेही सांगितले असते. नारायणराव भागवतांनी तसे केले नाही. ते मुलीबरोबर बंगळूरला गेले. तेथेही नकारच मिळाला. तेव्हा कमलाबाईंनी गांधीजींच्या मार्गाने जाण्याचे ठरवले. मला प्रवेश का नाही, याचे कारण सांगा, असा त्यांचा आग्रह होता; आणि त्या आग्रहापासून त्या हटेनात. अखेर संचालकांना नमते घ्यावे लागले. पण प्रवेश देताना त्यांनी अटी घातल्या. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. काम समाधानकारक आहे अशी संचालकांची स्वतःची खात्री पटेपर्यंत त्या कामास मान्यता मिळणार नव्हती. आणि त्यांच्या असण्याने पुरुष विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशीही एक अट होती.

ही शेवटची अट वाचताना आजही मन खिन्न होते. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, कारण प्रयोगशाळेत शिरण्याचा दुसरा मार्ग नव्हता. पण तो अपमान त्या विसरल्या नाहीत. उतारवयात स्त्री-शास्त्रज्ञांच्या मेळाव्यात बोलताना त्यांनी रामन यांची थोरवी मान्य केली, तरी स्त्री म्हणून आपल्याला मिळालेली वागणूक अन्यायाची होती हे स्पष्टपणे सांगितले. काही लोकांना वाटते की सहन केले म्हणजे अन्यायाला अन्याय म्हणू नये. कमलाबाईंच्या चरित्रात आम्हांला तसे दिसत नाही. त्यांनी काम थांबू दिले नाही आणि खरे बोलणेही सोडले नाही.

संस्थेत त्यांना श्रीनिवासय्या नावाचे मार्गदर्शक लाभले. ते शिस्तीचे कडक होते, पहाटेपासून रात्रीपर्यंत काम करून घेत. पण विद्यार्थी मुलगा की मुलगी हा भेद त्यांच्यापाशी नव्हता. जगातील नामांकित शास्त्रज्ञांचे लेख वाचावेत, शंका आली तर त्यांना पत्र लिहावे, ही सवय त्यांनीच लावली. कमलाबाईंनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्ष संपले आणि त्यांना नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता मिळाली. एवढेच नव्हे, तर त्यानंतर त्या संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. १९३६ साली त्यांना या संशोधनावर मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. पदवी विशेष श्रेणीत मिळाली.

दार उघडले, तरी वाट सगळ्यांना सारखी सोपी झाली नाही, हेही सांगितले पाहिजे. केरळातील एका ख्रिस्ती घराण्यातील अ‍ॅना मणी यांनी पुढे बंगळूरला रामन यांच्याच प्रयोगशाळेत हिरे व माणके यांच्यावर संशोधन केले, पाच शोधनिबंध लिहिले व प्रबंधही तयार केला. परंतु त्यांच्याजवळ एम.एस्सी.ची पदवी नाही एवढ्या कारणावरून विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली नाही. त्या खचल्या नाहीत. भारतीय हवामान खात्यात त्यांनी वायुमापनाची व सौरमापनाची उपकरणे देशातच बनवण्याचे मोठे काम केले आणि त्या खात्याच्या उपमहासंचालक झाल्या. पदवी ही कामाची पावती आहे. पावती मिळाली नाही म्हणून काम खोटे ठरत नाही.

केंब्रिजचे चौदा महिने

१९३७ साली शिष्यवृत्ती मिळवून कमलाबाई इंग्लंडात केंब्रिज येथे गेल्या. तेथील जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख सर फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स होते. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. एका नोबेल विजेत्याने दार लावले होते. दुसऱ्याच्या विभागात जागा मिळाली. डेरेक रिक्टर यांनी त्यांना आपल्या प्रयोगशाळेत सामावून घेतले आणि नंतर त्या रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या पेशींवर काम करू लागल्या.

त्यांचा शोध समजावून घेणे कठीण नाही. आपण खाल्लेल्या अन्नातून शक्ती मिळते ती शरीराच्या प्रत्येक पेशीत, श्वासातून आलेल्या प्राणवायूच्या साहाय्याने. हे काम एका झटक्यात होत नाही. विहिरीवर आग लागली असता माणसे रांगेत उभी राहून बादल्या हातोहात पुढे देतात, त्याप्रमाणे पेशीतील काही पदार्थ शक्तीचे लहान लहान कण एकाकडून दुसऱ्याकडे पोचवतात. त्या रांगेतील एका पदार्थाचे नाव सायटोक्रोम सी. प्राण्यांच्या शरीरात तो असल्याचे माहीत होते. कमलाबाईंनी बटाट्यापासून आरंभ करून वनस्पतींच्या पेशींतही तो असतो आणि तेथेही तो हेच काम करतो, असे दाखवून दिले. म्हणजे बटाट्याचा कंद असो की माणसाचे शरीर, श्वसनाची मूळ रीत एकच आहे.

हा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता आणि काम चौदा महिन्यांत पूर्ण झाले होते. जाडजूड ग्रंथ म्हणजे मोठी विद्वत्ता असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली. त्यांच्या आधी १९३१ साली जानकी अम्माळ यांना वनस्पतिशास्त्रातील कार्याबद्दल अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली होती. परंतु विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून कमलाबाईंचेच नाव घेतले जाते.

ताटातले संशोधन

अशी पदवी हाती असताना परदेशी राहणे अवघड नव्हते. कमलाबाई १९३९ सालीच मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जीवरसायनशास्त्र शिकवले, नंतर कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ साली श्री. माधवराव सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

पुढील वर्षांत त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी जे विषय घेतले ते पाहिले म्हणजे या बाईंचे मन कोठे होते ते कळते. गरिबाच्या ताटात मांस नसते, दूध थोडे असते. प्रथिने मिळतात ती मुख्यतः डाळी-कडधान्यांतून. म्हणून त्यांनी कडधान्यांचा कसून अभ्यास केला. पोटातील ट्रिप्सिन नावाचा पाचक रस प्रथिनांचे पचन करतो. पावट्यासारख्या काही कच्च्या कडधान्यांत त्या रसाला अडवणारा एक पदार्थ असतो, म्हणून ती कच्ची खाल्ली असता अंगी लागत नाहीत. नीट शिजवली म्हणजे तो अडथळा बव्हंशी नाहीसा होतो. १९५४ साली त्यांनी एका सहकाऱ्यासह भारतीय खाद्यपदार्थांतील अशा पदार्थांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. आपल्या आज्या पावटे भिजवून, सोलून, चांगले मऊ शिजवीत. त्यामागे किती शहाणपण होते हे प्रयोगशाळेतून असे सिद्ध झाले.

दुसरा विषय नीरेचा. शिंदी किंवा ताड यांच्या झाडातून पहाटे काढलेला गोड रस म्हणजे नीरा. हाच रस आंबला म्हणजे ताडी होते, आणि ताडीने किती संसार धुळीस मिळवले हे आपणांस सांगावयास नको. पण न आंबलेली नीरा ही निराळी वस्तू. तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी तिचा अभ्यास हाती घेतला. नीरेत जीवनसत्त्वे व लोह असल्याचे आणि तिचा गूळ केला तरी ती टिकत असल्याचे त्यांना आढळले. अन्नान्न दशेतील आदिवासी मुलांना व गरोदर स्त्रियांना हे स्वस्त अन्न दिले असता त्यांची प्रकृती सुधारते, असेही दिसून आले. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. मुंबईच्या आरे दुग्ध प्रकल्पालाही दुधाच्या दर्जाबाबत त्या सल्ला देत असत.

एवढे करूनही संस्थेच्या संचालकपदाची पाळी आली तेव्हा त्यांना काही वर्षे डावलले गेले. बंगळूरला जे उघडपणे झाले ते येथे आडून झाले. शेवटी ते पद त्यांना मिळाले, आणि एवढ्या मोठ्या विज्ञान संस्थेची स्त्री-संचालक ही त्या काळी अपूर्व गोष्ट ठरली.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ साली मुंबईत काही गृहिणींनी ग्राहकांच्या हितासाठी एक संस्था उभी केली होती. कमलाबाई तिच्या कामात पडल्या आणि १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्ष झाल्या. हळदीत काय मिसळले आहे, दुधात पाणी किती, हे घरच्या घरी कसे ओळखावे याचे साधे प्रयोग त्या बायकांना करून दाखवीत. संस्थेच्या कीमत या नियतकालिकात त्या लिहीत असत. केंब्रिजला जाऊन आलेल्या या विदुषीने आहारगाथा हे पुस्तक मात्र मराठीत लिहिले, म्हणजे ज्यांच्या चुलीवर अन्न शिजते त्यांना ते वाचता यावे.

१९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांना सत्कारासाठी दिल्लीस बोलावले. त्या परिषदेची एक संशोधन संस्था आपल्या बेळगावातही आहे.  वयाची पंच्याऐंशी वर्षे ओलांडलेल्या कमलाबाई त्या समारंभातच कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले. त्याच १९९८ साली बेळगावला विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाची स्थापना झाली, जेथे आज आपली मुले-मुली संशोधनासाठी नाव नोंदवतात.

आमची एक चूक

हे चरित्र येथेच संपवता आले असते. पण दुसऱ्याच्या अन्यायावर बोट ठेवताना स्वतःकडेही पाहिले पाहिजे.

सुमारे बारा वर्षांपूर्वी आमच्या परिचयातील एक बाई आमच्याकडे आल्या. तंबाखूच्या वखारीत वर्षानुवर्षे काम करून त्यांनी मुलीला शिकवले होते. मुलगी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात आली होती आणि तिला धारवाडला जाऊन पुढे शिकावयाचे होते. आम्ही उपदेशक, चार पुस्तके वाचलेले. म्हणून आमचा सल्ला मागितला. आम्ही सांगितले की एवढे शिक्षण पुष्कळ झाले, आता चांगले स्थळ पाहावे. हे आम्ही मुलीच्या काळजीपोटीच बोललो, असे तेव्हा वाटले होते. आज कळते की आम्हीही एक दार लावले होते, आणि तेही हसतमुखाने. त्या मुलीने सत्याग्रह केला नाही. तिच्या पाठीशी उभे राहणारे नारायणराव कोणी नव्हते. आम्ही उभे राहू शकलो असतो, पण राहिलो नाही.

ती आज दोन मुलांची आई असून आमच्याकडेच रविवारच्या शाळेत शिकवते. मागील शिक्षक-बैठकीत आम्ही कमलाबाईंची गोष्ट सांगितली. ती शांतपणे ऐकत होती. नंतर तिने एवढेच विचारले की, ही गोष्ट फक्त मुलांना सांगावयाची की त्यांच्या आईबापांनाही? त्यावर आम्हांला लगेच काही बोलता आले नाही. आम्ही तिची क्षमा मागितली आहे. गेलेली वर्षे त्याने परत येत नाहीत, हेही आम्ही जाणतो.

शिक्षकांसाठी थोडेसे

म्हणून आमची विनंती आहे की ही गोष्ट मुलांना सांगा आणि पालकांच्या सभेतही सांगा. आपल्या सीमाभागातील मुले मराठीत शिकतात, बाजारात व कचेरीत कानडी बोलतात आणि महाविद्यालयात गेल्यावर एकदम इंग्रजीशी गाठ पडते. त्यामुळे हुशार मूलही बिचकते. त्यांना सांगा की, प्रश्न विचारण्याची सवय कोणत्याही भाषेत लागते. संशोधनासाठी आता लांब जावेच लागते असेही नाही. बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ व राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, धारवाडला कर्नाटक विद्यापीठ आहे, आणि निपाणीकरांना कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ तर हाकेच्या अंतरावर आहे. नेट, गेट यांसारख्या परीक्षांत चांगले यश मिळवणाऱ्यास दरमहा शिष्यवृत्ती मिळू शकते; म्हणजे संशोधन हा केवळ श्रीमंतांचा छंद उरलेला नाही. हे आपल्यापैकी पुष्कळ पालकांना माहीतच नसते. ते त्यांना कोणी सांगावयाचे? आपणच.

आणि एखादी मुलगी पुढे शिकावयाचे म्हणून आपल्याकडे आली, तर घाईने सल्ला देऊ नका. आधी तिचे पूर्ण ऐकून घ्या. मग तिच्या बापाला भेटा, आणि जमेल तर प्रवेशाच्या दिवशी तिच्याबरोबर जा. नारायणराव भागवत मुलीबरोबर बंगळूरला गेले होते, हे विसरू नका.